खामदाचा फोन

"आज लग्न आहे," देवपुजारी सर म्हणाले. "घरच्यांनी आज पहिल्या पंगतीला बसायचं नाही. आधी पाहुणे. कळलं ना, वृंदा?"

"कळलं, सर."

"अन् घरच्यांचं काय मंग? उपाशी?" प्रफुल्लने विचारलं. तो खुर्चीवर उभा राहून प्रोजेक्टरची वायर चिकटपट्टीने भिंतीला बसवत होता.

"पाहुणे गेले की सगळा स्वयंपाक त्यांचाच आहे. तू आधी खाली उतर, पडशील."

लग्न म्हणजे डेमो. आमच्या प्रयोगशाळेतला हा जुना विनोद होता. दिल्लीहून पैसे देणाऱ्या खात्याची समिती नागपूरला आमच्या संस्थेत येणार, काम चालू कसं दिसतं ते पाहणार, आणि पुढचा टप्पा मंजूर करायचा की नाही ते ठरवणार. सातपुड्याच्या रांगेतल्या ज्या खेड्यांत तेव्हा मोबाइलची रेंज नव्हती, तिथल्या आरोग्यकेंद्रांना आम्ही डोंगरमाथ्यांवर छोटे मनोरे उभारून एकमेकांशी आणि नागपूरशी जोडलं होतं. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर, तिथून खाली. प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर एक फोन, त्यावरून बाहेरचेही नंबर लागायचे. भोरखेड्याच्या मोठ्या केंद्रात कॅमेराही होता. नागपूरच्या डॉक्टरला तिथला रुग्ण पडद्यावर दिसायचा.

अडचण शेवटच्या टेकडीची होती. सगळ्या गावांचं बोलणं तिथल्या एकाच अरुंद वाटेने यायचं. वाट मोकळी असली तर चित्र झकास. पण कुठल्या गावातून फोन लागला की चित्र अडखळायचं, थिजायचं. म्हणून डेमोच्या दिवशी मी माझ्या संगणकावरून एक नियम चालू करायची. चित्र तेवढं जाऊ द्यायचं, बाकी सगळे फोन दारातच अडवायचे. याला आम्ही कोणी फसवणूक म्हणत नव्हतो. आमच्या धंद्यात सगळेच हे करतात. मोठमोठ्या परिषदांमध्येसुद्धा डेमोच्या आधी माइकवरून सांगतात, कृपया आपापलं वायफाय बंद करा.

तरी मी आदल्या दिवशी एकेका उपकेंद्राला स्वतः फोन करून सांगितलं होतं, की उद्या पाहुणे जाईपर्यंत फोन लावू नका. सगळ्या सिस्टर 'बरं' म्हणाल्या. खामदाच्या कासदेकर सिस्टरने तेवढं विचारलं, "अन् काई अडलं तं, मॅडम?"

'अडलं तरच लावा' असं तिला सांगून मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "तू बसलेली असशीलच ना समोर. खरंच तसं काही दिसलं तर सोड."

"पण मला कसं कळणार, सर, खरंच तसं आहे की नाही?"

"कळतं गं. तू फार काळजी करतेस."

ते खरंच होतं. इरा तेव्हा दहा महिन्यांची होती. तिला घरी सासूबाईंकडे सोपवून निघाले की जिन्यातून परत वर जाऊन मी गॅस बघून यायची. हेमंतची कंपनी दिवाळीत बंद पडली होती आणि तो मुलाखती देत पुण्यात भावाकडे राहत होता. घर माझ्या पगारावर चाललं होतं, आणि माझ्या नेमणुकीच्या पत्रात 'प्रकल्प असेपर्यंत' असे शब्द होते. प्रकल्पाचा पहिला टप्पा त्या महिन्यात संपत होता. त्यामुळे समितीची चिंता सरांना जेवढी होती तेवढीच मला. प्रफुल्ललाही होतीच, पण तो शिट्टी वाजवायचा.

समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. तळवलकर. मूळच्या पुण्याच्या, पण हयात दिल्लीत गेलेली. पांढरे आखूड केस, फिकट सुती साडी. आल्या आल्या त्यांनी कूलर बंद करायला लावला. "मला ऐकू येत नाही याच्या घरघरीत," त्या म्हणाल्या. एप्रिलचं नागपूर. खोलीतले सगळे घामाने निथळायला लागले. समितीतले बाकीचे दोघे त्यांच्याकडे बघूनच मान हलवत होते, हे माझ्या लगेच लक्षात आलं. म्हणजे पटवायचं होतं ते त्यांनाच.

मी खोलीच्या मागच्या कोपऱ्यात, संगणकापुढे. मांडीवर पर्स. पडद्यावर भोरखेड्याची खोली उमटली, आणि एक म्हातारा, पाय पुढे करून स्टुलावर बसलेला. नागपूरचे त्वचारोगतज्ज्ञ अध्यक्षांच्या शेजारी बसून त्याच्याशी बोलत होते.

"किती दिवस झाले, बाबा, जखमेला?"

"झाले जी, होळीच्या आधीपासून हाय."

चित्र इतकं स्वच्छ होतं, की जखमेच्या कडेचा पिवळटपणा दिसत होता. तळवलकरांनी पेनचं टोपण काढलं आणि काहीतरी लिहिलं. सरांनी माझ्याकडे एक नजर टाकली. लग्नघरातला माणूस नवरदेवाची गाडी वेळेवर आली की टाकतो, तशी.

तेवढ्यात मांडीवरची पर्स थरथरली.

मी हळूच उघडून पाहिलं. घरून. सासूबाई कधीही ऑफिसात फोन करत नाहीत. एकदा घरात साप निघाला होता तेव्हाही त्यांनी शेजारच्यांना बोलावलं, मला संध्याकाळी सांगितलं. सकाळी इराचं अंग किंचित कोमट लागलं होतं. दात येत असतील, असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. उठून बाहेर जायचं तर समितीच्या समोरून जावं लागणार. फोन थरथरून थांबला.

मी संगणकाकडे पाहिलं, आणि तिथे खामदाच्या ठिपक्याशेजारी लाल रेघ उमटली.

लाल रेघ म्हणजे अडवलेला फोन. रेघ विझली. पुन्हा उमटली. कोणाला लावला आहे ते दिसत नव्हतं. गावातल्या लोकांचं बोलणं आम्हाला कळू नये म्हणून ते आम्हीच झाकून ठेवलं होतं. एवढंच दिसत होतं, की खामदाला कोणीतरी फोन उचलून नंबर फिरवतंय, लागत नाही, ठेवतंय, पुन्हा उचलतंय. सांगूनसुद्धा.

"हे सगळं प्रत्यक्ष वापरात आहे?" तळवलकरांनी विचारलं. "की आम्ही आलो म्हणून लावलंय?"

"रोजच्या वापरात आहे, मॅडम," सर म्हणाले.

"म्हणजे आत्ता, या क्षणी, बाकीची उपकेंद्रंही चालू आहेत? त्यांचे फोन?"

"चालू आहेत. नेहमीसारखे."

लाल रेघ. विझली. लाल रेघ.

पर्स पुन्हा थरथरली. या वेळी मी उघडली नाही. मी सरांकडे पाहत राहिले. त्यांचं लक्ष वेधायला मी खुर्ची जराशी सरकवली. प्रफुल्लने वळून पाहिलं, मग सरांनी. मी बोटाने पडद्याकडे दाखवलं. माझ्या पडद्यावरची लाली त्यांना तिथूनही दिसत असणार. त्यांनी मान हलवली. अगदी थोडी, टायची गाठ सैल करताना हलते तेवढी. नाही.

मी थांबले. खरंच थांबले. म्हातारा पाय वळवून टाच दाखवत होता. डॉक्टर म्हणत होते, "साखर तपासली होती का कधी?" मला कासदेकर सिस्टरचं उपकेंद्र माहीत होतं. पुढे ओटा, आत एक लोखंडी खाट, हिरवा पडदा, आणि पडद्यामागे बायका ओणव्या होऊन कण्हत असतात ती जागा. फोन त्या पडद्याच्याच भिंतीवर आहे. तो मीच तिथे लावायला सांगितला होता, खाटेपासून हात पोहोचेल असा.

रेघ विझली आणि बराच वेळ उमटली नाही. संपलं, असं माझ्या मनात आलं. काय संपलं ते मी मनात पुरतं येऊ दिलं नाही. मग ती पुन्हा उमटली, आणि मी नियम काढून टाकला.

रेघ हिरवी झाली. फोन लागला.

समोर भिंतीवर म्हाताऱ्याची टाच थिजली. डॉक्टरांचा प्रश्न अर्धा गेला, उरलेला आलाच नाही. पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज लांबट, रबरासारखा ताणला जाऊन आला आणि तुटला. मोठ्या भिंतभर पडद्यावर नुसती एक भेगाळलेली टाच. हिरवी रेघ चालूच होती. तिकडे कोणीतरी बोलत होतं.

"काय झालं?" तळवलकर म्हणाल्या.

"हवामान असावं," सर म्हणाले. "या दिवसांत उन्हाच्या झळांनी कधी कधी सिग्नल—"

"खामदा उपकेंद्रातून फोन चालू आहे, मॅडम," मी म्हणाले. "म्हणून थांबलंय."

त्या खुर्चीतच मागे वळल्या. "तुम्ही?"

"वृंदा सोनटक्के. प्रकल्प सहायक."

"हे म्हणाले, फोन नेहमी चालू असतात."

"असतात, मॅडम."

"मग चित्र नेहमी थांबतं?"

मी सरांकडे पाहिलं. ते टाचेकडे पाहत होते.

"दुसऱ्या टप्प्यात नेमकं तेच सोडवायचं आहे," ते म्हणाले. "दोन्ही एकत्र वाहून नेण्याचं."

"देवपुजारी, ते पहिल्या टप्प्यात सोडवलं असं तुमच्या अहवालात आहे. मी गाडीत वाचत आले." त्यांनी पेनला टोपण लावलं. आवाज चढलेला नव्हता, उलट दमलेला होता. "एक बाई फोनवर बोलली तर डॉक्टरला पेशंट दिसत नाही. आणि डॉक्टरला पेशंट दिसायचा तर बाईने बोलायचं नाही. मग हे आहे कोणासाठी?"

चहा आला, तो सगळ्यांनी घेतला. त्वचारोगतज्ज्ञ सौजन्याने म्हणाले, की जेवढं दिसलं ते उत्तम दिसलं.

समितीला सोडायला सर खाली गाडीपर्यंत गेले. मी आधी घरी फोन लावला.

"अगं, इरा दूध घेईना, म्हणून केला होता," सासूबाई म्हणाल्या.

"मग?"

"मग घेतलं की. घेतलं हे सांगायला परत केला, उगाच तुझ्या जिवाला घोर नको म्हणून. तू उचलशील तर ना!"

नंतर मी खामदाला लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"सिस्टर, वृंदा बोलतेय. काय झालं होतं? कोण आहे तिथे?"

"कोणीच नाई, मॅडम. मीच हाव." कासदेकर सिस्टरचा आवाज हसरा होता. "लागला बाप्पा शेवटी! होळीले घरी आली होती पोरगी, परवाच परत ठेवलं ना आश्रमशाळेत, खाली. जेवणाची सुट्टी झाली का हापिसात येऊन फोनपाशी बसते थे. म्हटलं होतं रोज करीन. नाई केला तं जेवत नाई, म्हणते तिथली बाई." मग ती एकदम थांबली. "चुकलं काय, मॅडम? तुम्ही म्हणलं होतं अडलं तरच लावा. मी नुसती लावून पाहत होती. लागन असं वाटलंच नाई मले."

"नाही," मी म्हणाले. "ठीक आहे."

"पाहुण्यांचं झालं ना चांगलं?"

मी फोन ठेवला तेव्हा सर दारात उभे होते. किती ऐकलं होतं कोण जाणे.

"काय होतं तिथे?"

"मुलीशी बोलायचं होतं, सर. आश्रमशाळेत आहे."

त्यांनी चष्मा काढला, रुमालाने डोळ्यांभोवतीचा घाम टिपला. मला वाटलं, आता बोलतील. मी तयारही होते. माझी वाक्यं मनात जुळवून ठेवली होती.

"जेवली का ती?" त्यांनी विचारलं.

"जेवली म्हणे."

"बरं झालं," सर म्हणाले आणि कूलर चालू करायला गेले.

दुसरा टप्पा नामंजूर झाला. 'प्रत्यक्ष वापरासाठी अपरिपक्व' असा शेरा होता. मनोरे तरी चालू राहावेत म्हणून सर आरोग्य खात्याकडे गेले. ते म्हणाले, हे संशोधन आहे, आम्ही कसं चालवणार? सर दिल्लीला गेले. तिथे म्हणाले, संशोधन संपलं, आता ही सेवा आहे, आम्ही कशी चालवणार? दोघांचंही म्हणणं नियमाला धरून होतं. पाऊसकाळाच्या आधी प्रफुल्ल एकेका टेकडीवर चढून बॅटऱ्या आणि सौर पॅनेल उतरवून घेऊन आला, कारण ती सरकारी मालमत्ता संस्थेत जमा करायची होती. भिंतींवरचे फोन कोणी मागितले नाहीत. ते तसेच राहिले.

मला वर्धा रोडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवण्याचं काम मिळालं. हेमंतलाही पुढे नोकरी लागली. इरा शाळेत जायला लागली. सर मला कधी वाईट बोलले नाहीत. शिफारसपत्रही त्यांनी आपण होऊन दिलं होतं. पण दिवाळीला मी फोन केला की 'हो, हो, तुम्हालाही' एवढं म्हणून ठेवायचे. मी ते मनावर घेतलं नाही असं म्हणणार नाही.

मग एका हिवाळ्यात ते आमच्याकडे प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून आले. दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. त्यांनी चहात बिस्किट बुडवलं, ते विरघळून खाली पडेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

"खामदाला एक बाई गेली," ते म्हणाले. "श्रावणात. बाळंतपणात."

मी कप खाली ठेवला.

"कासदेकर होत्या तिथे. बाळ झालं, रक्त थांबेना. भरदुपारची वेळ. माणूस सायकलवर भोरखेड्याला पाठवला. जीप यायच्या आत गेली."

"मोबाइल?"

"तिथे अजून नाही. टेकडी आडवी येते." त्यांनी चमच्याने बिस्किटाचा लगदा काढला. "कासदेकर म्हणाल्या, आपला फोन उचलून कानाला लावला होता त्यांनी. बंद आहे हे माहीत असून. दोनतीनदा लावला म्हणे."

बाहेर मुलं परीक्षा संपवून आरडाओरडा करत जिना उतरत होती.

"त्या दिवशी तो फोन बंद राहिला असता ना, वृंदा, तर आज चालू असता."

त्यात राग नव्हता. फळ्यावर समीकरण सोडवून दाखवताना ते ज्या आवाजात बोलायचे, त्याच आवाजात बोलले.

"आणि त्या दिवशीचा फोन अशाच एखाद्या बाईसाठी असता तर, सर?"

"नव्हता ना."

मी कप उचलला. चहा निवला होता.

"मी पुन्हा प्रस्ताव पाठवतोय," ते म्हणाले. "नवीन पद्धत बसवलीय, फोन आणि चित्र दोन्ही चालतं. यात खोटं काही नाही, ये आणि स्वतः तपास. पहिल्या परिच्छेदात तिला घातलंय."

"नावानिशी?"

"नाव नसतं घालत. 'उपकेंद्रातील एक प्रसूत माता' असं आहे. नाव मला माहीतही नाही." ते जरा घुटमळले. "सहसंशोधक म्हणून तुझं नाव हवंय. तुला ती गावं माहीत आहेत."

"फुकट गेली नाही असं म्हणायचंय का, सर, तुम्हाला?"

"मला काहीच म्हणायचं नाहीये. मला ते मनोरे उभे करायचे आहेत. तू सही करणार की नाही?"

मी घरी येऊन तो परिच्छेद वाचला. चांगला लिहिला होता. चार ओळींत सगळं होतं: दुपार, सायकल, जीप. त्यात मी एक स्वल्पविराम बदलला आणि सही केली.

प्रस्ताव या वेळी पहिल्या फेरीतच मंजूर झाला. परीक्षकांच्या अभिप्रायात एक वाक्य होतं: 'गरज परिणामकारक रीतीने मांडली आहे.' प्रफुल्ल आता दुसरीकडे नोकरीला होता, तरी रजा काढून टेकड्या चढायला आला. पडलेले मनोरे पुन्हा उभे राहिले, बॅटऱ्या बसल्या. आणि ज्या दिवशी शेवटच्या टेकडीवरून पहिल्यांदा सिग्नल खाली आला, त्या दिवशी सरांनी उठून मला त्यांच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "तू लाव."

मी खामदाला लावला. खूप वेळ वाजत राहिला.

"कोण हाय?"

"सिस्टर, मी वृंदा. नागपूरहून."

"वृंदा मॅडम?" पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "वाजला तं दचकलीच मी. भिंतीत काई शिरलं का काय, म्हटलं."

"चालू झाला पुन्हा. आता थांबणार नाही मध्ये मध्ये. मुलगी कशी आहे तुमची?"

"घरीच असते आता. नाई राहिली तिकडं. फोन बंद पडला तं रडून रडून परत आली. मंग गेलीच नाई." ती हे सांगताना रडत नव्हती, कशाची तरी घडी घालत होती, कापडाचा फटकारा ऐकू येत होता. मला त्या बाईचं नाव विचारायचं होतं. त्यासाठीच मी मघापासून शब्द जुळवत होते. पण तिनेच आधी विचारलं.

"मॅडम, पाहाले कोणी येऊन राहिलं काय?"

सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"समिती आहे," मी म्हणाले. "पुढच्या महिन्यात."

"म्हंजे तवरक तं चालन," कासदेकर सिस्टर म्हणाली.